‘ये’चं बटण

गोव्यातल्या साखळीत कुणालाही “केरीला निघालेय” म्हटलं की समोरचा माणूस सत्तरी तालुक्यातल्या केरीचं काहीतरी विचारायला लागतो. माझं केरी ते नव्हे. माझं पेडण्यातलं, अगदी टोकाचं. तिथे रस्ता संपतो, फेरीबोट लागते आणि पलीकडे तेरेखोल दिसतं. शनिवारी दुपारी साखळीहून म्हापसा, म्हापशाहून केरी, आणि रविवारी चारच्या बसने तीच वाट उलटी. दोन वर्षं मी हे करतेय. बसमध्ये खिडकीशी बसलं की हरमलच्या आधीच माझा डोळा लागतो, आणि त्या अर्धवट झोपेत मला माझाच आवाज ऐकू येतो. “ये,” तो म्हणतो. पहिल्यांदा मी दचकून उठले होते आणि शेजारच्या बाईने विचारलं होतं, तुमचा स्टॉप गेला काय? आता दचकत नाही. तो आवाज माझा असला तरी हाक माझी नाही, हे मला कळलंय. ते कळायला फार वेळ लागला, तेच सांगायचं आहे.

साखळीत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही वेबसाइटी बनवतो. माझ्याकडे साचे. साचा म्हणजे पानाचा सांगाडा. मजकूर कुठे, चित्र कुठे, बटण कुठे, एवढं त्यात ठरलेलं असतं. पण बटण दाबल्यावर काही घडायचं असेल, चौकट उघडायची असेल, आवाज यायचा असेल, तर मागे स्क्रिप्ट लागते, आणि ती पान बघणाऱ्याच्याच यंत्रात चालते. साचे मांडणाऱ्यांना ती स्क्रिप्ट दर वेळी हाताने लिहायला लावली की कुणीतरी कुठेतरी माती खातोच. म्हणून मी हेल्पर लिहिते. साच्यात एक ओळ टाका, एक शब्द द्या, पुढचं सगळं हेल्पर बघतो. ऑफिसात माझा दरारा आहे तो या हेल्परांमुळे, आणि थोडा माझ्या तापट तोंडामुळे. माझ्या हेल्परला कुणी हात लावलेला मला खपत नाही.

आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “हेल्पर म्हणजे गवंड्याच्या हाताखाली आसता, तसो?”

“तसाच,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग बाबांना झटका आला. न्हाणीघरातून बाहेर येता येता ते दाराशी खाली बसले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळा जन्म मराठी शाळेत मास्तरकी केलेला माणूस. त्यांचा आवाज शाळेच्या मागच्या काजूच्या बागेपर्यंत जायचा. आता जनेलाजवळच्या कदेलावर, म्हणजे खिडकीशेजारच्या खुर्चीत, बसून राहायचे, डावा हात मांडीवर, आणि तोंडातून नुसती हवा. मी जवळ बसले की माझ्याकडे बघायचे. बघायचे म्हणजे काय बघायचे, हेच कळायचं नाही.

वाणीचे व्यायाम घ्यायला पंधरा दिवसांनी एक ताई स्कूटरवरून घरी यायच्या. त्या कर्नाटकातल्या. मराठी इथे येऊन शिकलेल्या, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. “बोलता न येणं एक आणि न समजणं दुसरं,” त्या म्हणाल्या. “समजत असेल तर मी कितीही महिने येईन. समजत नसेल तर मात्र व्यायामांनी फार काही होणार नाही, आणि मग तुम्हालाही खोटी आशा लावणं बरं नाही.” त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. बाबांना समजतं का? आई स्वयंपाकघरात आणि मी साखळीत, दोघी तोच एक प्रश्न घेऊन वावरत होतो. मला तर रागच यायचा. कुणाचा, ते सांगता येत नाही. शाळेत मी पाढा चुकले की जो माणूस सगळ्या वर्गासमोर “पुन्हा म्हण” म्हणायचा, त्यालाच आता समजतं की नाही हे ठरवायचं!

मला दुसरं काय येतं? मी एक पान बनवलं. टॅबलेटवर मोठी मोठी बटणं, प्रत्येकावर एक शब्द. बटण दाबलं की तो शब्द ऐकू यायचा. आवाज माझाच दिला. एका रविवारी मधल्या खोलीची जनेलं लावून, डोक्यावरून चादर घेऊन मी सगळे शब्द मोबाईलवर रेकॉर्ड केले. पाणी, भूक, दुखतंय, पंखा, ऊन, ये, जा, बस, नको. तरी ‘पंखा’मागे लाट ऐकू येतेच. केरीत समुद्राला कुठे कोंडणार!

आणि मागे अर्थातच माझा हेल्पर. मी त्याचं नाव ‘बोल’ ठेवलं होतं. साच्यात ‘बोल’ लिहायचं आणि पुढे अवतरणचिन्हांत शब्द, की बटण तयार, आवाज जोडलेला, आणि कुठला शब्द किती वाजता दाबला त्याची नोंदही आपोआप व्हायची. ती नोंद मला साखळीत बसून वाचता यायची. हे सगळं एका ओळीत बसवल्याचा मला केवढा अभिमान होता, काय सांगू. बाबांचं आजारपण एका बाजूला आणि माझी ती ओळ एका बाजूला. आता लाज वाटते, पण होता.

पहिले चार दिवस बाबांनी ‘पाणी’ला हातच लावला नाही. मी आईला फोनवर म्हटलं, त्यांना तहान कळत नाही की काय? आई उसळलीच.

“तेंनी घरात कधी पाणी मागलां? पाणी शाळेत. घरात उदक.”

हे मला सुचायला हवं होतं. मी पाणी काढून उदक करणार तोवर आईनेच ते केलं. मोबाईलवर मराठी टाईप करायला ती शिकली होती, तेवढ्या भांडवलावर तिने माझा साचा उघडला आणि शब्द बदलला. टॅबलेट कोरा! मग फोन. “शिंगां घालूक इसारलंय गो!” शिंगं म्हणजे अवतरणचिन्हं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना शिंगं हवीत, नाहीतर हेल्पर आडवा होतो, हे ती दोन दिवसांत शिकली. उदकासाठी आवाज तिने स्वतःचा दिला. त्या दुपारी नोंदीत ‘उदक’ सहा वेळा होतं. मी ऑफिसात एकटीच हसले आणि मग खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली बसस्टँडवर पणजीच्या गाडीचा कंडक्टर ओरडत होता, आणि मला वाटत होतं की सहा वेळा पाणी पिणारा माणूस सगळं समजतोच.

मग ती परीक्षा झाली. मी नव्हते, कामाचा दिवस होता. ताईंनी चित्रं आणली होती. एका चित्रात पिशवी घेऊन उंबरठा ओलांडणारा माणूस. त्यांनी विचारलं, “हा माणूस घरातून निघालाय. याला काय म्हणाल?” बाबांनी ‘ये’ दाबलं. ताईंनी पुन्हा विचारलं. ‘ये’. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं. ‘ये’. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज मऊ होता त्यांचा, मला आठवतो. “विरुद्धार्थी शब्दांत गोंधळ दिसतोय. निघणाऱ्याला ‘ये’ म्हणतात. आकलनाबद्दल मला थोडी शंका आहे. अजून दोन महिने बघू, आणि मग ठरवू.”

मी नोंद उघडून बसले. खरंच की! रोज सकाळी पावणेसातला एक ‘ये’. त्या वेळी घरात कोण येतं? कुणी नाही, उलट पदेर पाव देऊन जातो. दुपारी आई शेजारी निघते तेव्हा ‘ये’. रविवारी पावणेचारला, मी बॅग खांद्याला लावते तेव्हा, ‘ये’. आणि एका मंगळवारी भर दुपारी, घरात चिटपाखरू नसताना, ओळीने अकरा वेळा ‘जा’. जा, जा, जा, जा. ते वाचून माझं अवसानच गेलं. पुढचे दोन तास मी साच्यांकडे नुसती बघत बसले.

पण मी अशी बसून राहणारी नाही. मी उपाय काढला, आणि तो उपाय आठवला की आजही कानशिलं तापतात. वेबसाइटवर काही पुसून टाकायचं असेल तर पान विचारतं ना, खात्री आहे का? त्याचा हेल्पर माझ्याकडे तयार होता. मी तो ‘ये’च्या ओळीला जोडला. आता बाबांनी ‘ये’ दाबलं की आधी माझा आवाज विचारणार, “‘ये’ म्हणायचंय? खात्री आहे?” मग खाली दोन बटणं उगवणार, डावीकडे ‘होय’, उजवीकडे ‘नाही’. ‘होय’ दाबलं तरच ‘ये’ ऐकू येणार. म्हटलं, थांबतील, विचार करतील, सुधारतील. तो प्रश्न मी ऑफिसच्या जिन्यात घाईघाईत रेकॉर्ड केला. त्यातला माझा आवाज वैतागलेला आहे. पाढा चुकलेल्या पोराला विचारतात तसाच.

त्यानंतर सात रविवार गेले. दर रविवारी मी “येते हं बाबा” म्हणायचे, वाकून पाया पडायचे आणि बसकडे धावायचे. मागे टॅबलेट काहीतरी बोलत असायचा. केरीची बस वेळेवर सुटते हो, थांबत नाही कुणासाठी! व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना मला प्रश्न तेवढा ऐकू यायचा, पुढचं काही नाही. फाटकाशी पोचेपर्यंत सुरूच्या झाडांतला वारा सगळं घेऊन जायचा. आणि बसमध्ये डोळा लागला की तो आवाज. ये. मला वाटायचं, मनाचे खेळ.

मग एकदा मधल्या वारी सुट्ट्या जोडून आल्या आणि मी चार दिवस घरी राहिले. पहिल्याच सकाळी चहाचा पेला घेऊन मी दारात उभी होते. धुकं होतं, माडांचे शेंडे दिसत नव्हते. रस्त्यावरून पदेराचा भोंपू जवळ जवळ येत होता. बाबा आधीच कदेलावर, मान फाटकाकडे. पदेराने सायकल टेकवली, आईच्या हातात पाव ठेवले, दोन गोल उंडे बाबांना दाखवून म्हणाला, “आयज बरे भाजल्यात, मास्तर.” आणि सायकल वळवत म्हणाला, “येतां हां!”

बाबांचा डावा हात उठला. हळूहळू टॅबलेटवर गेला. ‘ये’.

“‘ये’ म्हणायचंय? खात्री आहे?” माझा वैतागलेला आवाज त्या सगळ्या धुक्यात पसरला.

पदेर एक पाय जमिनीवर टेकून थांबला होता. त्याला हे सगळं पाठ होतं. “होय म्हणात, मास्तर!” तो हसत म्हणाला. बाबांचं बोट डावीकडे सरकलं, थरथरलं, पुन्हा उचललं गेलं आणि नेमकं ‘होय’वर पडलं. “ये,” मी म्हटलं. म्हणजे टॅबलेट म्हणाला. पदेराने हात वर केला आणि गेला.

मी पेला उंबऱ्यावर ठेवून आईकडे वळले.

“तेंका दोनदोनदा कित्याक दाबूक लावतंस गो?” आई पाव टोपलीत ठेवत म्हणाली. “आधी बरां होतां. एकदाच दाबीत.”

“आई, त्यांचा गोंधळ होतो म्हणून. निघालेल्या माणसाला ये म्हणतात ते!”

आईने माझ्याकडे असं बघितलं की जणू झटका मलाच आलाय. “अगो, भायर पडलेल्या माणसाक कोण ‘जा’ म्हणता? तू निघतंस तेवा मी तुका काय म्हणतंय? ‘ये’ म्हणतंय मां? खंय शिकलंस ह्यां?”

कपाळ माझं! जन्मापासून “जाते” म्हटलं की तोंडावर हात ठेवणारं घर हे. जाते म्हणू नये, येते म्हण. मी दर रविवारी न चुकता “येते” म्हणत होते, आणि “येते”ला उत्तर काय असतं हे मलाच आठवलं नाही. निघालेल्याला ‘ये’ म्हणतात. परत ये. एवढं एक अक्षर बाबा बरोबर सांगत होते, परीक्षेत तीनदा सांगितलं त्यांनी, आणि आम्ही दोन शिकलेल्या बायका त्यांना नापास करून मोकळ्या झालो होतो.

“मग ते अकरा वेळा ‘जा’?” मी विचारलं. “मंगळवारी. दुपारी. घरात कुणी नव्हतं.”

“वांदर इल्ले फणसार,” आई म्हणाली. “मी न्हाणयेत होतंय. ‘जा’ म्हणतत ता वांदरांक.”

मी खाली बसले आणि हसू आणि रडू एकदमच आलं. माझा आवाज घेऊन बाबांनी एकट्याने माकडं हाकलली होती. आणि मी साखळीत बसून तीच नोंद वाचून त्यांच्यावरची आशा सोडत होते.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू इचारलंस खंय?” आई म्हणाली आणि आत गेली.

ताईंना मी तिथूनच फोन लावला. आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्या घरीही ‘जाऊन येते’ म्हटल्याशिवाय मी उंबरठा ओलांडत नाही. माझी आई ओरडेल! पण माझ्या तक्त्यात विरुद्धार्थी असा रकाना होता, आणि मी त्या रकान्याकडेच बघत राहिले.” दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. या वेळी चित्रं नव्हती. बाबांच्या समोर बसल्या, अर्धा तास साधं बोलल्या, पावसाचं, फणसाचं, शाळेचं. मधेच म्हणाल्या, “मास्तर, मी चुकले.” बाबांनी ‘बस’ दाबलं. बस म्हणजे पुरे की बस म्हणजे खाली बसा, यावर आई आणि मी अजून भांडतो. निघताना ताई म्हणाल्या, समजतंय, सगळं समजतंय, मी येत राहीन. आणि उंबऱ्यावर थांबून, मुद्दाम खणखणीत, “येते हं” म्हणाल्या. बाबांनी काय दाबलं ते सांगायला नको.

त्या दुपारी घर झोपलं होतं. समुद्रावरून गरम वारा येत होता, फाटकाची कडी मधूनच वाजत होती. मी मेजावर लॅपटॉप उघडून सात आठवड्यांची नोंद पहिल्यापासून वाचायला घेतली. रविवार, पावणेचार. ये. खात्री आहे? होय. पुढचा रविवार. ये. खात्री आहे? होय. त्याच्या पुढचा. ये. खात्री आहे? इथे मधे जवळजवळ मिनिटभर काही नाही, बोट सापडलं नसेल, थरथरलं असेल. तोवर माझी बस सुटलीही असेल. आणि मग, होय. सातही रविवारी. एकदाही ‘नाही’ नव्हतं. मी पायऱ्या उतरून पळत होते, आणि मागे माझाच वैतागलेला आवाज त्यांना विचारत होता की ही परत यायला हवी आहे का, नक्की ना? आणि ते दर वेळी, त्या एका हाताने, होय म्हणत होते. ते मी एकदाही थांबून ऐकलं नव्हतं.

मी साचा उघडला. ‘ये’च्या ओळीतून खात्रीचा हेल्पर काढला. शिंगं नीट आहेत ना, ते दोनदा बघितलं.

रविवारी पावणेचारला मी बॅग खांद्याला लावली. पाया पडले. “येते हं बाबा,” म्हटलं आणि या वेळी तिथेच उभी राहिले. बस जाऊ दे म्हटलं, आज जाऊ दे. बाबांचा हात उठला. ‘ये’.

“ये,” लगेच आवाज आला. प्रश्न नाही, काही नाही.

पण बाबांचं बोट खाली आलं नाही. ते डावीकडे सरकलं, जिथे रोज ‘होय’ उगवायचं तिथे, आणि त्या कोऱ्या जागेवर थांबलं. प्रश्नाची वाट बघत राहिलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी त्यांचं ते बोट हातात धरलं आणि म्हटलं, “होय, बाबा.”